आयबीएस आणि सप्लिमेंट: कुठल्या तक्रारीला काय, किती दिवस आणि कधी बंद करायचं?

तांबडीमाती (नाशिक)

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात आयबीएसचे (इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारींचा जुनाट आजार) प्रश्न वरचेवर येतात आणि दर वेळी खाली सप्लिमेंटच्या नावांची रांग लागते. कुणी प्रोबायोटिक (पोटाला चांगले समजले जाणारे जिवंत जिवाणू) सुचवतं, कुणी ग्लुटामिन (एक अमिनो आम्ल), कुणी त्रिफळा, कुणी भावाने अमेरिकेहून आणलेली बाटली. विचारणारा बिचारा चार गोष्टी एकदम चालू करतो, पोट आणखी फुगतं, आणि नेमकं कशाने फुगलं ते कळायला मार्गच उरत नाही. म्हणून हा स्वतंत्र धागा काढते आहे.

मी आयबीएसची जुनी पेशंट. माझा प्रकार बद्धकोष्ठाचा, जोडीला दुपारनंतर पोट टम्म फुगणं. एवढी वर्षं डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि भरपूर वाचन करून माझं एक मत पक्कं झालंय: सप्लिमेंट तक्रार बघून घ्यायचं. बाटलीवर 'गट हेल्थ' (आतड्याचं आरोग्य) लिहिलंय म्हणून घ्यायचं नाही. एका वेळी एकच, मुदत आधीच ठरवून. मुदत संपली आणि फरक नाही, तर बंद.

त्याआधी निदान. आयबीएससाठी जगभर 'रोम ४' नावाचे निकष वापरतात, २०१६ पासून. गेले तीन महिने आठवड्यातून सरासरी एक दिवस तरी पोटात दुखणं, आणि ते दुखणं शौचाशी, शौचाच्या वेळांशी किंवा मळाच्या घट्ट-पातळपणाशी जोडलेलं असणं. शौच, वेळा आणि घट्ट-पातळपणा, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टींशी दुखणं जोडलेलं हवं. तक्रार सुरू होऊन सहा महिने झालेले असावेत. नुसते गॅस होतात म्हणजे आयबीएस नव्हे.

आता माझ्या अनुभवाचं. सगळ्यात जास्त उपयोग झाला तो सगळ्यात स्वस्त वस्तूचा, इसबगोलच्या भुशीचा. आणि याला चांगला आधार आहे. २००९ मध्ये नेदरलँड्समध्ये २७५ रुग्णांवर अभ्यास झाला. एका गटाला रोज १० ग्रॅम इसबगोल, दुसऱ्याला १० ग्रॅम गव्हाचा कोंडा, तिसऱ्याला तांदळाचं पीठ, असं १२ आठवडे. इसबगोलवाल्यांना फायदा झाला. कोंड्याच्या गटातले बरेच जण त्रास वाढला म्हणून मध्येच सोडून गेले. आपल्याकडे "पोट साफ होत नाही? कोंडा खा, चोकर खा" हा सल्ला सर्रास मिळतो. आयबीएसवाल्यांनी तो ऐकू नये, हे मला अगदी कळकळीने सांगायचंय.

पण इसबगोलही पहिल्याच दिवशी दोन मोठे चमचे घेतलं तर पोट ढोलासारखं होतं. ब्रिटनमधल्या पोटविकारतज्ज्ञांच्या (गॅस्ट्रो) संघटनेचा सल्ला दिवसाला ३-४ ग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवण्याचा आहे. मी रात्री मोठ्या ग्लासात कोमट पाणी घेते, त्यावर भुशी भुरभुरते, चमचा दोनदा फिरवते आणि लगेच पिते. ठेवून दिलं की वर जाड गिळगिळीत थर येतो, मग तो घशाखाली उतरत नाही. नंतर आणखी एक ग्लास पाणी, हे चुकवायचं नाही. कोरडी भुशी तोंडात टाकणं तर धोक्याचंच, घशात फुगून अडकते.

आता तुम्ही लिहा. घेताय त्याचं नुसतं नाव नको. कुठल्या तक्रारीसाठी, किती काळ आणि काय झालं, ते लिहा.

सह्यकडा (पुणे)

धागा वाचनखुणेत टाकला. माझा प्रकार ताईंच्या उलटा. सकाळी ऑफिसला निघायच्या वेळी पोटात कळ, दोन-तीनदा जावं लागतं आणि तरी समाधान नाही. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये गाडीत अडकलो की काय होईल या धास्तीने सकाळी चहासुद्धा घेत नाही. रविवारी मात्र पोट शहाण्यासारखं वागतं.

जिमच्या ट्रेनरने प्रोबायोटिकची बाटली सुचवली. १६ प्रकारचे जिवाणू, ५० अब्ज सीएफयू (जिवंत जिवाणू मोजायचं एकक), 'प्रीबायोटिकसह'. दीड-दोन हजारांची आहे. घेऊ का? आणि जुलाबाच्या प्रकारात इसबगोल चालतं का? ते तर बद्धकोष्ठावर असतं ना?

तांबडीमाती

चालतं. ते पाणी धरून ठेवतं, त्यामुळे घट्ट मळ मऊ होतो आणि पातळ मळाला जरा बांधा येतो. फक्त मात्रा कमी ठेवा. प्रोबायोटिकचं जाणकारांनी सांगावं.

औषधविक्या (सांगली)

फार्मसिस्ट आहे, स्वतःचं दुकान आहे. प्रोबायोटिकबद्दल काउंटरच्या या बाजूने दोन गोष्टी सांगतो.

सह्यकडा, ती बाटली हातात घ्या आणि मागची बारीक अक्षरं वाचा. तिथे 'हेल्थ सप्लिमेंट' आणि 'नॉट फॉर मेडिसिनल यूज' हे शब्द सापडतील. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे न्यूट्रास्युटिकल (सप्लिमेंटसारख्या वस्तूंचे) नियम २०१६ मध्ये आले आणि १ जानेवारी २०१८ पासून लागू झाले. त्यांच्यानुसार हे छापणं बंधनकारक आहे. म्हणजे ही वस्तू खाद्यपदार्थाच्या परवान्यावर विकली जाते, औषधाच्या नाही. ती आयबीएस बरं करते हे कंपनीला सिद्ध करून दाखवावं लागलेलं नाही. १४ आकडी परवाना क्रमांक असतो तो कारखान्याचा परवाना, गुणाचं प्रमाणपत्र नव्हे. गिऱ्हाइकं तो नंबर दाखवून "सरकारमान्य आहे" म्हणतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

दुसरं, 'प्रीबायोटिकसह' म्हणजे काय ते पाहा. ते जिवाणूंचं खाद्य, बहुतेक वेळा एफओएस किंवा इन्युलिन हे तंतुमय पदार्थ असतात. हे पदार्थ मोठ्या आतड्यात आंबतात आणि गॅस करतात. निरोगी माणसाला त्याचं काही वाटत नाही, पण आयबीएसवाल्याला तेच झोंबतं. प्रोबायोटिक चालू केल्यावर पोट फुगलं म्हणून जी माणसं परत येतात, त्यांच्या पाकिटावर मी आधी हा शब्द शोधतो. चघळायच्या गोळ्या आणि गमी असतील तर सॉर्बिटॉल, मॅनिटॉल, माल्टिटॉल शोधा. त्यांनी जुलाब होतात.

तिसरं, सीएफयूच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. जिवाणूचं नुसतं कूळ लिहून भागत नाही, त्याच्यापुढे वाणाचा क्रमांक हवा. लॅक्टोबॅसिलस प्लांटारम हे कूळ झालं, २९९व्ही हा त्यातला एक वाण. अभ्यास वाणांवर झालेले असतात. गव्हाचं नुसतं 'गहू' असं बियाणं कुणी शेतकरी घेत नाही, लोकवन की शरबती ते विचारतो, तसंच हे.

ज्वारीचंकणीस (पुणे)

मी आहारतज्ज्ञ आहे, पोटाच्या विकारांचे रुग्ण जास्त बघते. औषधविक्या यांना +१.

प्रोबायोटिकवर तज्ज्ञांमध्येच एकमत नाही. अमेरिकेतल्या एका गॅस्ट्रो संघटनेने २०२० मध्ये म्हटलं की आयबीएससाठी प्रोबायोटिक फक्त संशोधनाच्या चौकटीत वापरावं. दुसऱ्या अमेरिकी संघटनेने २०२१ मध्ये एकूण लक्षणांसाठी ते वापरू नये असं सुचवलं. त्याच वर्षी ब्रिटिश संघटनेने थोडी वेगळी भूमिका घेतली: काहींना फायदा होऊ शकतो, पण कुठला वाण हे सांगता येत नाही. ज्याला घ्यायचंच आहे त्याने १२ आठवड्यांपर्यंत घेऊन बघावं, फरक नसेल तर सोडावं. मी रुग्णांना हेच सांगते.

२९९व्हीचा उल्लेख आला म्हणून सांगते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यावरचा एक अभ्यास भारतातच झाला होता, २१४ रुग्ण, चार आठवडे. पोटदुखी आणि फुगणं दोन्ही कमी झालं. पुढे २०१४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या अभ्यासात त्याच वाणाने फरक दिसला नाही. त्यामुळे कुणी "शास्त्राने सिद्ध झालंय" म्हणालं तर थोडं थांबा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. आयबीएसच्या अभ्यासांत खोटी गोळी घेणाऱ्यांपैकीही साधारण तिघांतल्या एकाला किंवा त्याहून जास्त लोकांना बरं वाटतं. याचा अर्थ दुखणं खोटं असा नाही! मेंदू आणि आतडं यांचं सतत बोलणं चालू असतं, ते या आजारात बिघडलेलं असतं, आणि धीर मिळाला, लक्ष दिलं गेलं की ते थोडं सुधारतं. २०१० मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी ८० रुग्णांचा अभ्यास केला. एका गटाला सरळ सांगून बिनऔषधाच्या गोळ्या दिल्या, "यात औषध नाही" असं. तीन आठवड्यांनी त्यांना काहीच न घेणाऱ्यांपेक्षा बरं वाटत होतं. म्हणून पहिल्या आठवड्यातल्या सुधारणेवर विसंबून वर्षभराच्या बाटल्या भरू नका.

सह्यकडा, रविवारी पोट नीट आणि सोमवारी बिघडतं, यावर बाटलीतून उत्तर मिळणार नाही. सकाळची घाई, झोप, उपाशीपोटी कडक चहा किंवा कॉफी इथून सुरुवात करा. शौचाची नोंद ठेवा. ब्रिस्टल तक्ता नावाचा एक सोपा तक्ता आहे, १ म्हणजे लेंड्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. रोजचा आकडा, जेवण आणि ताण, एवढं वहीत लिहा. डॉक्टरांकडे ती वही घेऊन गेलात तर बोलणं दहापट सोपं होतं.

कांगारूमावशी (मेलबर्न)

इथे आल्यावर पोटाने फार छळलं, तेव्हा इथल्या मोनॅश विद्यापीठाच्या लो-फॉडमॅप आहाराशी गाठ पडली. तो तिथेच तयार झाला. फॉडमॅप म्हणजे लहान आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि पुढे आंबणारी काही कर्बोदकं. सप्लिमेंटच्या धाग्यात आहार का आणते आहे, तर माझ्या बाबतीत ताटातल्या चार वस्तू बदलल्यावर कपाटातल्या निम्म्या बाटल्यांची गरजच उरली नाही.

आपल्या स्वयंपाकात मोठे गुन्हेगार म्हणजे कांदा, लसूण, गहू, आणि राजमा-छोले-वालासारखी कडधान्यं. आपल्याकडे कांद्याशिवाय पोह्यांची कल्पना करवत नाही, मला माहीत आहे. पण उपाय आहेत. लसणातले त्रासदायक घटक पाण्यात उतरतात, तेलात उतरत नाहीत. म्हणून तेलात लसणीच्या पाकळ्या अख्ख्या टाकायच्या, मंद आचेवर सोनेरी होऊ द्यायच्या आणि झाऱ्याने काढून टाकायच्या. तेलाला वास पुरेपूर येतो, त्या तेलात फोडणी करा. कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. ज्वारी-नाचणीची भाकरी, भात, मूग, दुधी, पडवळ, दोडका, गाजर, यांच्यावर महिनाभर सहज निघतो. मूग भिजवून, पाणी ओतून, मोड आणून वापरले तर आणखी सोसतात.

हा आहार कायमचा नाही. कडक टप्पा २ ते ६ आठवड्यांचा, त्यानंतर एकेक पदार्थ परत आणून बघायचा. वर्षानुवर्षं कांदा-लसूण-गहू-डाळी सगळंच सोडून बसलेली माणसं मी पाहते, वजन उतरलेली, चेहरा ओढलेला. असं करू नका. शक्यतो आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखालीच.

आणि सप्लिमेंटांपैकी मला दोन खरोखर कामाला आली. लग्नाकार्यात कडधान्याची उसळ, छोले वगैरे खायचं असेल तर पहिल्या घासाबरोबर अल्फा-गॅलॅक्टोसिडेज नावाच्या पाचकरसाची गोळी. मोनॅशच्याच संशोधकांनी यावर अभ्यास केलाय आणि कडधान्यं ज्यांना सोसत नाहीत त्यांना फायदा दिसला. आणि दुधाचं पचत नसेल तर लॅक्टेजची. ही दोन्ही रोज घ्यायची नाहीत, त्या-त्या पदार्थाबरोबरच घ्यायची.

नारळीपाक (रत्नागिरी)

एवढं सगळं कशाला? आजी ताकाला हिंग-जिरं लावून द्यायची, कोकमाचं सार, मऊ भात. पोट आपोआप जाग्यावर यायचं. या केमिकल गोळ्यांपेक्षा आयुर्वेदिक चूर्ण घ्या, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही. मी 'पोट साफ'वालं चूर्ण रोज रात्री घेतो, सकाळी एकदम मोकळं.

औषधविक्या

नारळीपाक काका, आजीच्या ताकाला माझा नमस्कार. चूर्णाचं मात्र पाकीट वाचा. 'सोनामुखी' किंवा 'सनाय' लिहिलेलं असेल तर ते उत्तेजक रेचक आहे. अधूनमधून घ्यायला ठीक. पण रोज, वर्षानुवर्षं, डॉक्टरांना न सांगता घ्यायची ती वस्तू नाही. मुरडा मारून पोट दुखणं, पोटॅशियम कमी होणं, आतड्याच्या अस्तराचा रंग काळपट पडणं, हे सगळं तिच्यामुळे होतं. आयबीएसमध्ये तर आधीच मुरडा, त्यात ही भर. 'नैसर्गिक' या शब्दाने ते बदलत नाही.

कुडाआणिबेल (कोल्हापूर)

मी वैद्य आहे. वरच्या मुद्द्याशी पूर्ण सहमत आणि त्यात भर घालतो.

आयुर्वेदात ग्रहणीचा (आयबीएसशी मिळत्याजुळत्या पोटाच्या विकाराचा) विचार फार बारकाईने झालेला आहे आणि त्यात ताकाला मानाचं स्थान आहे. कुडा, बेल, सुंठ, नागरमोथा ही द्रव्यं आम्ही वापरतो. पण माणूस बघून. बद्धकोष्ठाच्या आयबीएसला कोणी मेडिकलमधून कुटजारिष्ट (कुड्याचं औषध) आणून पीत असेल तर त्रास वाढणारच, ते स्तंभन करणारं, म्हणजे मळ बांधणारं औषध आहे. पिकलेलं बेलफळ आणि कच्चं बेलफळ यांचं काम उलट आहे, हेही पुष्कळांना ठाऊक नसतं. कच्चं बांधतं, पिकलेलं सारक.

बेलावर आधुनिक पद्धतीने काम झालेलं आहे. १९८९ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या नियतकालिकात बेल आणि ब्राह्मी यांच्या मिश्रणावर आयबीएसच्या रुग्णांचा एक अभ्यास आला होता. सुरुवातीच्या आठवड्यांत खोट्या गोळीपेक्षा जास्त फायदा दिसला, मात्र लांबच्या पाठपुराव्यात तो टिकला नाही. माझ्याच शास्त्राचं आहे म्हणून फक्त पहिलं वाक्य सांगून थांबणं मला पटत नाही.

आणि हळदीच्या कॅप्सूल. भाजी-आमटीतली हळद वेगळी आणि मिरीचा अर्क घालून शोषण वाढवलेलं कर्क्युमिन (हळदीतला मुख्य घटक) वेगळं. इटलीमध्ये २०१९ साली हळदीच्या सप्लिमेंटनंतर यकृताला सूज आलेले रुग्ण आढळले. कुणी घेत असाल आणि भूक मेली, लघवी गडद झाली, डोळे पिवळे दिसले, तर कॅप्सूल बंद करून त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

पाणंद (सोलापूर)

हे सगळं वाचताना एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या धाकट्या भावाला पोटदुखी आणि आलटून-पालटून जुलाब-बद्धकोष्ठ होतं. एका ठिकाणी आयबीएस सांगून प्रोबायोटिक, पाचक सिरप, मल्टिव्हिटॅमिन असा सेट दिला गेला. महिने गेले. पँट ढगळ व्हायला लागली, संध्याकाळी कणकण यायची. दुसऱ्या डॉक्टरांनी दुर्बिणीने तपासून तुकडा काढून पाठवला, तेव्हा आतड्याचा टीबी निघाला. उपचार पूर्ण झाले, आता तो ठणठणीत आहे, शेतात राबतो. पण ते मधले महिने आठवले की अजून पोटात गोळा येतो.

आपल्या देशात टीबी आहे, हे परदेशी लेखांत वाचायला मिळत नाही. कृपया लक्षात ठेवा.

ज्वारीचंकणीस

पाणंद, लिहिलंत ते फार बरं केलंत. भाऊ बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला.

सगळ्यांसाठी लिहून ठेवते. वजन आपोआप उतरणं, शौचातून रक्त, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, हिमोग्लोबिन कमी, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार, घरात आतड्याचा कर्करोग किंवा आतड्याला सूज येण्याचा आजार असणं. यातलं एकही असेल तर सप्लिमेंटचा विचारच नको, आधी तपासणी. जुलाबाच्या प्रकारात डॉक्टर सहसा मळाची कॅलप्रोटेक्टिन तपासणी (आतड्याला सूज आहे का ते बघणारी) आणि सिलिअ‍ॅकची (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणाऱ्या आजाराची) रक्ततपासणी सांगतात. सिलिअ‍ॅकच्या तपासणीआधी गहू सोडू नका, नाहीतर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. अन्नाच्या अ‍ॅलर्जीसाठी म्हणून शंभर पदार्थांची आयजीजी पॅनेल (रक्तातल्या आयजीजी अँटिबॉडींची तपासणी) विकतात, तिच्यावर आयबीएससाठी पैसे घालवू नका. त्या अँटिबॉडी तो पदार्थ खाल्ल्याचं सांगतात, सोसत नसल्याचं नाही.

दिवेलागण (नागपूर)

बाबांसाठी विचारते. वय ६८, मधुमेह आहे, थायरॉइडची गोळीही चालू आहे. मधुमेहाची गोळी वाढवल्यापासून पातळ शौचाला होतं, गॅसही. शेजारच्यांनी ग्लुटामिन आणि प्रोबायोटिक सांगितलंय. इसबगोल देऊ का?

औषधविक्या

ताई, गोळी मेटफॉर्मिन आहे का ते आधी बघा. मेटफॉर्मिनने पातळ शौच, गॅस, पोटात गडगड होणं अगदी नेहमीचं, खास करून मात्रा वाढवल्यावर. डॉक्टरांना सांगा. जेवणाबरोबर घेणं, हळू विरघळणारा प्रकार देणं, मात्रा बदलणं, यातलं काहीतरी ते करतील. स्वतःहून गोळी बंद करू नका. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी१२ तपासून घ्यायला सांगा. ते कमी होतं, आणि पोटाच्या सप्लिमेंटच्या यादीत कुणी त्याचं नावही घेत नाही.

इसबगोल द्यायचं झालं तर साखर नसलेलं साधं घ्या, चवीच्या पाकिटांत साखर असते. औषधं आणि इसबगोल यांच्यात किमान दोन तासांचं अंतर, कारण ते औषध धरून ठेवतं. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी, इसबगोल रात्री, असं केलं की प्रश्न मिटतो. गिळायला त्रास होत असेल तर मात्र देऊच नका.

ग्लुटामिनचं आधी कारण बघा. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १०६ रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना दिलं होतं, ५ ग्रॅम दिवसातून तीनदा, आठ आठवडे, बाकीच्यांना खोटी पूड, आणि फायदा चांगला दिसला. पण ते सगळे पोटाच्या संसर्गानंतर जुलाबाचा आयबीएस सुरू झालेले आणि आतड्याची गळती वाढलेली माणसं होती. तुमच्या बाबांची गोष्टच वेगळी.

दिवेलागण

मेटफॉर्मिनच आहे! उद्याच फोन करते. खूप आभार.

तांबडीमाती

दिवेलागण, डॉक्टर काय म्हणाले ते इथे नक्की लिहा.

बाकी उरलेल्या वस्तू भराभर घेते. व्हिटॅमिन डी कमी असेल तर हाडांसाठी जरूर घ्या, पण आयबीएसच्या लक्षणांवर त्याचा परिणाम होत नाही, असं इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठाच्या अभ्यासात दिसलं. मॅग्नेशियम आतड्यात पाणी ओढून घेतं, त्यामुळे बद्धकोष्ठाला उपयोगी आणि जुलाबवाल्यांना नको. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. कोरफडीचा रस आयबीएससाठी घेऊ नका असं ब्रिटनच्या सरकारी आरोग्य मार्गदर्शनात स्पष्ट लिहिलंय. आपल्याकडे मात्र सकाळच्या फिरायच्या जागी ग्लास-ग्लास विकतात. सॅकरोमायसिस बुलार्डी हे यीस्ट अँटिबायोटिकमुळे होणाऱ्या जुलाबासाठी चांगलं. प्रतिकारशक्ती फार कमी असलेल्यांना आणि हॉस्पिटलात मोठ्या शिरेत नळी घातलेल्यांना मात्र देत नाहीत. घरच्या दह्या-ताकाला मी प्रोबायोटिक औषध म्हणणार नाही, त्यात कुठला वाण किती हे ठरलेलं नसतं. पण सोसत असेल तर जेवणात खुशाल असू द्या.

इसबगोलनंतर माझ्या मते दुसरा नंबर पेपरमिंट तेलाचा. त्यातलं मेंथॉल आतड्याच्या स्नायूंचा पीळ सैल करतं. मुरडून येणाऱ्या कळेसाठी ते आहे. सह्यकडा, तुमच्या सकाळच्या कळेसाठी प्रोबायोटिकआधी याबद्दल डॉक्टरांना विचारून बघा. अमेरिकी संघटनेने २०२१ मध्ये त्याच्या बाजूने शिफारस केली आहे, जोरदार नसली तरी. नेदरलँड्समध्ये २०२० मध्ये झालेल्या अभ्यासात मुख्य कसोटीवर ते खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, पण पोटदुखी, अस्वस्थता यांत फरक दिसला. तेव्हा जादू समजू नका.

सह्यकडा

सगळ्यांचे मनापासून आभार. बाटली परत करतोय, सील फोडलेलं नाही. वही आणली. आधी तपासण्या, मग थोडं इसबगोल, ते अंगवळणी पडलं की मगच दुसरं काही, असं ठरवलंय. पेपरमिंटचं मात्र एक शंका आहे. मला अ‍ॅसिडिटी होते, कधीकधी जळजळ इतकी की रात्री अँटासिड घेतो. घरात पुदिन्याचा अर्क आहे, तोच घेतला तर?

औषधविक्या

अर्क नको. तो जठरातच मोकळा होतो, अन्ननलिकेच्या खालची झडप ढिली करतो आणि जळजळ वाढवतो. आयबीएससाठी जे अभ्यास झाले ते आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या, वरून खास थर दिलेल्या कॅप्सूलचे. 'एंटेरिक कोटेड' असं पाकिटावर बघून घ्या. अख्खी गिळायची, फोडायची किंवा चावायची नाही, जेवणाआधी अर्धा-पाऊण तास.

आणि अँटासिड तिच्याबरोबर घेऊ नका. त्याने जठरातलं आम्ल कमी होतं आणि वरचा थर आतड्यात पोहोचायच्या आतच विरघळतो, मग पुन्हा तीच जळजळ. दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवा. तुमची अ‍ॅसिडिटी रोजची असेल तर कॅप्सूल चालू करण्याआधी तीच डॉक्टरांना दाखवा, कारण जळजळ जास्त असलेल्यांना पेपरमिंट बऱ्याचदा सोसत नाही.